समुद्राकाठचा फ्लॅट



२०२४ च्या कोजागिरीला मंडळाच्या हॉलमध्ये मसाला दुधाच्या रांगेत एक बातमी फिरत होती, की स्लावचं एक जोडपं स्पेनमध्ये समुद्राकाठी घर घेणार. ती बातमी कोणी पसरवली ते आम्हांला चांगलं ठाऊक आहे, कारण ती आम्हीच पसरवली होती. तेव्हापासून भेटेल तो "काय, घेतलंत का?" असं विचारतो, आणि त्यातले तिघे-चौघे आवाज खाली आणून "आमच्याही मनात आहे हं" असं सांगतात. प्रत्येकाला वेगळी कहाणी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून द्या, असं संपादकांनी सुचवलं. म्हणून हा प्रपंच. 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता. जिथे आमचं पटलं नाही तिथे 'आमच्यातलं एक माणूस' असं लिहिलं आहे. ते कोण, हे ओळखायला तुम्हांला वेळ लागणार नाही.

आम्ही इथे १९८६ साली आलो. एक नोकरी औषधांच्या दुकानात, दुसरी कौन्सिलच्या कचेरीत, अशा दोन पगारांवर घर झालं, मुलगी शिकली, गुडघे झिजले. निवृत्तीच्या वेळी पेन्शनची एकरकमी रक्कम हातात आली. शिवाय एक दुसरी पुंजी होती. दापोली तालुक्यातली आमची नारळी-पोफळीची वाडी २०१६ साली विकली गेली, तिच्यातल्या आमच्या वाट्याचे पैसे भारतातल्या एन.आर.ओ. खात्यात तेव्हापासून पडून होते. समुद्राकाठचं घर गेलं त्या पैशातून समुद्राकाठचं घर यावं, असं आमच्यातल्या एका माणसाच्या डोक्यात बसलं होतं. दुसरं माणूस म्हणे, पैशाला कसली आठवण असते? पण डिसेंबरात दुपारी चार वाजता दिवे लावावे लागले आणि गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली, की तेही माणूस गप्प बसे.

अशा वेळी घरात एक पत्रक येऊन पडलं. 'तीन दिवस कोस्ता ब्लांका, माणशी ९९ पौंड, विमान आणि हॉटेल धरून.' ही घरं दाखवण्याची सहल. स्वस्त का, ते तिथे उतरल्यावर कळतं. अलिकान्तेच्या विमानतळावरच एजंट गाडी घेऊन उभा होता, आणि मग सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तो आमच्या शेजारीच होता. दुसऱ्या एजंटाच्या दारावरून जायचीसुद्धा सोय नाही. माणूस मात्र गोड. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्याने आम्हांला तीन दिवस बटाट्याचं आम्लेट खायला घातलं. अंडं शाकाहारात येत नाही हे त्याला सांगणं आम्हांला शेवटपर्यंत जमलं नाही. असो.

तो आम्हांला घेऊन गेला ते गाव तोरेव्हिएहा. लिहितात 'जे' आणि वाचतात 'ह', हा स्पॅनिश भाषेचा पहिला धडा. १८२९ च्या भूकंपात हे गाव पार कोसळलं होतं. त्यामुळे जुनं असं फारसं काही नाही, आखलेले सरळ रस्ते आणि त्यांवर इमारतींच्या रांगा. दर शुक्रवारी मोठा बाजार भरतो. इंग्रज, जर्मन, नॉर्वेजियन, रशियन अशा सगळ्या भाषांच्या पाट्या दिसतात. फेब्रुवारी २०२५ चा मधला आठवडा होता आणि आम्ही स्वेटर काढून बाकावर बसलो होतो. खोटं कशाला सांगा, तिथेच निम्मा सौदा झाला होता.

उरलेला निम्मा सौदा मिठाने केला. गावाच्या पाठीमागे एक मोठं खारं सरोवर आहे आणि त्याचं पाणी गुलाबी दिसतं. अगदी रूह अफजा सांडल्यासारखं. इतक्या खारट पाण्यात तगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग येतो. कडेला मिठाचे पांढरे डोंगर. आमच्यातलं एक माणूस पेणचं आहे. त्याने लहानपणी खाडीकाठची मिठागरं पाहिली आहेत. कोंडी बांधून आत घेतलेलं भरतीचं पाणी, उन्हात चकाकणारे वाफे, पायांना भेगा पडलेले आगरी लोक, आणि पावसाच्या आत झाकून टाकायच्या मिठाच्या राशी. ते माणूस तिथे काठावर उभं राहिलं आणि बराच वेळ काही बोललं नाही. एजंट हुशार. त्याने गाडीचं इंजिन बंद केलं.

आता फ्लॅट. दुसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट आहे, बाल्कनीतून डावीकडे वाकलं तर समुद्र दिसतो. (आम्ही दोघंही वाकलो. एकाला दिसला.) किंमत १,३५,००० युरो. एजंटाने कागदावर हिशेब मांडला: वर्षातले ३० आठवडे, आठवड्याला ६०० युरो भाडं, म्हणजे १८,०००. म्हणजेच तेरा टक्के. शिवाय घाई करा. कारण जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी असा प्रस्ताव मांडला होता की युरोपीय संघाबाहेरच्या, स्पेनमध्ये न राहणाऱ्या माणसाने घर घेतलं तर त्याच्यावर किंमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर बसवावा. तो नुसता प्रस्ताव होता, कायदा नव्हे. पण एजंटाच्या तोंडी तो पुढच्या सोमवारी लागू होणार होता. एखाद्या सरकारला आपण तिथे घर घ्यायलाच नको आहोत, याचं त्याने 'लवकर घ्या' असं भाषांतर केलं, याचं आम्हांला आजही कौतुक वाटतं.

आम्ही सही केली नाही. घरी येऊन वही उघडली. आमच्यातल्या एका माणसाने चाळीस वर्षं औषधांच्या गोळ्या मोजल्या आहेत, त्याला आकडे गोल केलेले चालत नाहीत.

पहिली गोष्ट, १,३५,००० मध्ये ते घर येत नाही. आम्ही हिशेब केला तेव्हा त्या प्रांतात जुन्या घराच्या खरेदीवर १० टक्के कर होता, म्हणजे १३,५००. नोटरी, नोंदणी, वकील मिळून आणखी तीन-साडेतीन हजार. म्हणजे १,५२,००० धरा. मग भाडं. नोव्हेंबर ते मार्च तिथे आठवड्याच्या बोलीने कोण येतं? आम्ही जुलै-ऑगस्टचे ८ आठवडे ६०० ने धरले आणि बाकीचे ६ आठवडे ४०० ने. झाले ७,२००. आता वजाबाकी. युरोपीय संघात राहणाऱ्या मालकाला १९ टक्के कर, तोही खर्च वजा करून. ब्रिटन संघाबाहेर गेल्यापासून आपल्याला २४ टक्के, आणि आमच्यासमोर आलेल्या नियमाप्रमाणे खर्च वजा न करता. गेले १,७२८. किल्ल्या देणारा, चादरी बदलणारा माणूस २० टक्के घेतो, गेले १,४४०. इमारतीची वर्गणी, नगरपालिकेचा कर, विमा, वीज-पाण्याचा ठरलेला आकार मिळून दोन हजाराच्या आसपास. गिझर एकदा तरी बिघडणारच. खाली उरले दीड हजार युरो. दीड लाखावर दीड हजार, म्हणजे एक टक्का. त्याच वर्षी इथल्या बँका काही न करता चार टक्के देत होत्या.

आणि ज्या महिन्यांत घर रिकामं असतं त्या महिन्यांचं काय? त्यावरही कर आहे. घर तुमचं आहे, भाड्याने दिलेलं नाही, म्हणजे तुम्ही ते वापरत असणार, असं मानून सरकारदरबारच्या किंमतीच्या काही अंशाला उत्पन्न धरतात. हे वाचल्यावर आमच्यातलं एक माणूस इतकं हसलं की चहा सांडला.

पौंडाची गंमत वेगळीच. २००७ साली एका पौंडाला जवळजवळ दीड युरो मिळत होता. २००८ सरता सरता तो एक युरोला टेकला. म्हणजे घर तिथल्या तिथे असतं आणि त्याची किंमत आपल्या खिशात वर-खाली होत राहते.

एजंट एका गोष्टीबद्दल बोलला नव्हता. ३ एप्रिल २०२५ पासून स्पेनमध्ये फ्लॅट पर्यटकांना भाड्याने द्यायला नव्याने सुरुवात करायची असेल, तर इमारतीतल्या मालकांच्या तीन-पंचमांश बहुमताची आधी मंजुरी लागते. आणि १ जुलै २०२५ पासून अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय नोंदणी क्रमांक नसेल तर त्याची जाहिरातच करता येणार नव्हती. आम्ही पाहिलेल्या फ्लॅटला पर्यटन परवाना नव्हता. आम्ही त्याला फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मिळून जाईल." हे वाक्य आपण तलाठी कचेरीत बऱ्याचदा ऐकलेलं आहे.

त्याच सुमारास आम्ही हॅरोच्या एका परिचित कुटुंबाला फोन केला. त्यांनी २००६ साली मुर्सियाच्या बाजूला, नकाशावर असलेल्या इमारतीत फ्लॅट नोंदवला होता. चाळीस टक्के रक्कम आधीच भरली. २००८ मध्ये बिल्डर बुडाला, पाया तेवढा उरला. स्पेनमध्ये १९६८ पासून कायदा आहे, की बांधकामाआधी घेतलेल्या रकमेला बँकेची हमी किंवा विमा हवा. २०१५ च्या अखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी रक्कम खात्यात घेणाऱ्या बँकांनाही जबाबदार धरलं, तेव्हा कुठे त्यांचा दावा पुढे सरकला. पैसे आले, पण काकांच्या हयातीत नाही. वहिनींनी हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "घ्यायचं तर घ्या, पण वकील तुमचा तुम्ही शोधा. एजंटाने दिलेला नको."

हे मात्र सगळ्यांनी लिहून ठेवण्यासारखं आहे. तिथला नोटरी मोठा अधिकारी असतो, दस्त वाचून दाखवतो, सह्या घेतो. पण तो तुमचा वकील नव्हे. घर बेकायदा वाढवलेलं आहे का, हे शोधून काढणं त्याच्याकडून धरून चालू नका. मालकी आणि बोजा पाहायला 'नोटा सिंप्ले' नावाचा उतारा मिळतो. आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच म्हणा ना. शिवाय इमारतीच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या. आधीच्या मालकाने इमारतीची वर्गणी थकवली असेल तर चालू वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची थकबाकी घराबरोबर तुमच्या गळ्यात येते.

इथपर्यंत वहीचं झालं. पण फक्त वहीमुळे आमचा निर्णय झाला असं म्हटलं तर ती लबाडी होईल. कारण आमच्यातलं एक माणूस म्हणत होतं, की एक टक्का तर एक टक्का. आयुष्यभर काटकसर केली ती कशासाठी? आपलं म्हणून एक दार असावं, ते उघडलं की ऊन असावं.

त्या सहलीच्या शेवटच्या सकाळी एजंट यायच्या आधी आम्ही दोघंच चालत त्या इमारतीकडे गेलो होतो. लिफ्ट बंद होती. जिन्यात एक आजीबाई चाकांची पिशवी एकेक पायरी वर ओढत होत्या. आम्ही पिशवीला हात लावला. आम्हांला स्पॅनिशचे वीस शब्द येत होते, त्यांना इंग्रजीचे पाच. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांनी प्रत्येक दाराकडे बोट दाखवलं: अलेमान, इंग्लेस, इंग्लेस, रूसो. आणि प्रत्येक नावानंतर एकच शब्द, 'सेर्रादो'. बंद. एजंट म्हणाला होता, इमारत फार शांत आहे. तो खोटं बोलला नव्हता. आजींनी मग नातवाचं काहीतरी सांगितलं. 'आल्किलेर' म्हणजे भाडं, एवढा शब्द आम्हांला कळला, आणि बोटांनी चोळून दाखवलेले पैसे कळले. नातू त्या गावात राहत नव्हता. दार उघडताना त्यांनी आम्हांला विचारलं, "कोम्प्राइस?" घेताय का? आमच्यातलं एक माणूस 'हो' म्हणालं आणि दुसरं 'नाही', एकाच वेळी. त्या हसल्या आणि पिशवीतली दोन लिंबं काढून हातात ठेवली.

त्या रागावलेल्या नव्हत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात बार्सिलोना, मलागा, मायोर्का इथे लोक रस्त्यावर उतरले होते, घरं पर्यटकांना जातात आणि आम्हांला भाडं परवडत नाही म्हणून. टी.व्ही.वर पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारताना पाहिलं तेव्हा आम्ही म्हटलं होतं, काय हा असंस्कृतपणा. लिंबं परत आणली नाहीत, तिथेच सरबत करून प्यायलो.

परतीच्या विमानात आम्ही दोघं एकाच गोष्टीचा विचार करत होतो, पण ती बोलायला आम्हांला आठ दिवस लागले.

वाडी विकली तेव्हा सातबाऱ्यावर नऊ नावं होती. करणारं कोणी उरलं नव्हतं. चुलतभाऊ सत्तरीचा, माडावर चढणारा माणूस मिळत नाही, माकडं नारळ ठेवत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्यासारख्यांना शेतजमीन वारशाने राखता येते, विकत घेता येत नाही. म्हणजे इतरांचे हिस्से घेऊन वाडी ठेवणं आमच्या हातात नव्हतंच. पुण्याच्या एका शेतकरी दाखलावाल्या गृहस्थांनी ती घेतली. व्यवहार चोख झाला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही सहज तिथे गेलो. गडग्याच्या जागी उंच भिंत. बेडं होतं तिथे लोखंडी फाटक. समुद्राकडे उतरणारी पाखाडी आमच्या वाडीच्या कडेने जायची, तिच्या तोंडाशी साखळी. आतून एक तरुण आला आणि म्हणाला, "कोण पाहिजे?"

त्याला आम्ही ओळखलं नाही, त्याने आम्हांला. मग नावं निघाली. आमच्या वाडीला शिपणं करायला, रहाटावर असायचा त्याचा हा नातू. बिचारा इतका ओशाळला की फाटकाबाहेरच खुर्च्या आणून मांडल्या. मालक वर्षातून दहा-बारा दिवस येतात, बाकी कोणी नसतं, म्हणाला. "काकू, शहाळं देतो," म्हणाला, आणि दोन पावलं जाऊन थांबला. "एक मिनिट हं, साहेबांना फोन करून विचारतो." फोन लागला नाही. आम्ही म्हटलं, राहू दे रे, आत्ताच चहा झालाय. झालेला नव्हता.

तर ते फाटक आणि तो जिना. आमच्यातल्या एका माणसाचं मत, की या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. तोरेव्हिएहाचा फ्लॅट आम्ही नाही घेतला तर कोणी बेल्जियन घेईल, आजींच्या नातवाला तो मिळणार नाही. हे खरंच आहे. दुसऱ्या माणसाला यावर उत्तर देता आलं नाही, पण रात्री झोपही आली नाही. मुलगी लंडनमध्ये दीड खोलीला निम्मा पगार मोजते. तिला फोनवर सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, माझा घरमालक दुबईत असतो. त्याने ही खोली अजून पाहिलेलीसुद्धा नाही." आणि मग, "तुम्ही घेतलंत तर मी दोनदा येईन. तिसऱ्यांदा नाही हं."

एप्रिलमध्ये आम्ही एजंटाला नाही कळवलं. त्याने किंमत तीन हजाराने उतरवली. पुन्हा नाही कळवलं. त्याचा नाताळचा शुभेच्छापत्रांच्या यादीत आमचं नाव अजून असावं.

यावरून कोणी घेऊच नये असं आम्ही म्हणत नाही. आपल्याच मंडळातलं एक जोडपं हिवाळ्याचे अडीच महिने त्याच किनाऱ्यावर स्वतःच्या घरात राहतं, भाड्याच्या भानगडीत पडत नाही, आणि टुणटुणीत आहे. तुम्ही वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. मात्र ब्रिटिश पासपोर्टवर १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येतं, घर असलं तरी. आणि ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांना शेंगेन व्हिसा लागतोच. पूर्वी पाच लाख युरोंचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळत असे, ती योजनाही ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली.

आम्ही काय केलं, तर येत्या जानेवारी-फेब्रुवारीचे सहा आठवडे त्याच गावात एक फ्लॅट भाड्याने घेतला आहे. थंडीत महिन्याला ८०० युरो पडतात, म्हणजे सगळे मिळून बाराशे. गिझर बिघडला तर मालक बघेल. इमारत दुसरी आहे, पण मिठाच्या सरोवराला चालत जाता येतं. आजींच्या दाराशी जाऊन यायचं आमच्यातल्या एका माणसाच्या मनात आहे. दुसरं म्हणतं, त्या ओळखणार नाहीत.

वाडीचे पैसे अजून खात्यातच आहेत. आयकराचे कागद करून ते इकडे आणता येतात, मुलीच्या घराच्या डिपॉझिटला थोडे होतील. चुलतभावाशी बोलून गावच्या शाळेला काही द्यावं असंही चाललं आहे. ठरलं की कळवू.

सामानाची यादी सुरू झाली आहे. छोटा कुकर, गोडा मसाला, पोहे, आमसुलं. ब्रिटनमधून युरोपात जाताना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप राहणार. तिकडे बिनमिठाचं लोणी मिळतं म्हणतात, ते कढवून बघू.

आपले,
आम्ही उभयता, स्लाव